घरातली शाळा, रानातली पुस्तके

संसाराला उपयोगी पडणारा सल्ला हा आपल्या वाङ्मयातला सर्वांत अधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी मानला जाणारा प्रकार होय. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' किंवा कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' या पुस्तकांना स्वयंपाकघराच्या फळीवर जी जागा मिळाली, ती फार थोड्या कादंबऱ्यांना दिवाणखान्यातल्या कपाटात मिळाली असेल. तरीही टीकाकाराने त्यांची कधी दखल घेतली नाही. मुलांना कसे वाढवावे, त्यांना घरी काय शिकवावे, हट्टाला काय करावे आणि अभ्यासाला कसे बसवावे हे सांगणाऱ्या लेखनाचेही तेच झाले. त्याचा उपयोग सगळ्यांनी करून घेतला. त्याची समीक्षा कोणी केली नाही.

याला एक कारण त्या लेखनातच आहे. सल्ला देणारा लेखक बहुधा उंच आसनावर बसलेला असतो. 'मुलांशी प्रेमाने वागावे', 'स्वतःच्या आचरणातून शिकवावे' अशी त्याची वाक्ये खोटी नसतात. पण ती लिहिताना त्याच्या हाताला काही लागलेले नसते. दूध उतू जात असताना, धाकटा रडत असताना आणि थोरल्याने भिंतीवर कोळशाने गणित सोडवलेले असताना प्रेमाने वागणे म्हणजे काय, हे त्या वाक्याला ठाऊक नसते. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. तेही एका अर्थी संस्कारांचेच पुस्तक. परंतु त्यातली आई जे शिकवते, त्याची किंमत ती स्वतः मोजत असते, आणि ती किंमत वाचकाच्या डोळ्यांना दिसते. म्हणून तो उपदेश राहत नाही, गोष्ट होतो. सल्ल्याचे वाङ्मय केव्हा होते, याची ही एक साधी खूण धरून चालावयास हरकत नाही.

ही खूण आज पुन्हा तपासून पाहण्याजोगी झाली आहे. शहरांतून काही आईबापे अलीकडे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात आणि पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवतात. अशी घरे थोडी आहेत; पण त्यांचे आपसांतले बोलणे मोठे रंजक असते. सकाळचे वेळापत्रक ठेवावे की नाही, आजीआजोबांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावे, एकुलत्या मुलाला सोबत कोठून आणावी, वडील कचेरीत आणि आई मात्र दिवसभर शिक्षिका, ही वाटणी न्यायाची आहे काय? १९८७ साली पुण्यात सुरू झालेल्या 'पालकनीती' मासिकासारख्या ठिकाणी पालकांनी पालकांशी बोलावे असा प्रयत्न झाला, तो याच गरजेतून. या आईबापांना वाटते की आपण अगदी नव्या वाटेने निघालो आहोत. वाट नवी नाही. मराठीत तिच्यावर पुस्तके आहेत. मात्र ती 'बालसंगोपन' या फळीवर सापडत नाहीत, कारण ती दूर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जन्मली आणि 'सेवाकार्य' या फळीवर ठेवली गेली.

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की पुष्कळांना साग, कोळसा आणि ताडोबाचा वाघ आठवतो. नाटकवेड्यांना दिवाळीनंतर रात्ररात्र रंगणारी झाडीपट्टीची नाटके आठवतात. पूर्वी हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. या मुलखात बाहेरून येऊन राहिलेल्या काही कुटुंबांनी लिहिलेली पुस्तके आपण त्याग, सेवा, समर्पण अशा मोठ्या शब्दांच्या उजेडात वाचतो. तो उजेड जरा कमी करून, ती घराची पुस्तके म्हणून वाचली तर काय दिसते?

प्रथम साधनाताई आमट्यांचे 'समिधा'. नागपूरच्या घुल्यांच्या सनातनी, विद्यासंपन्न घरातली इंदू १९४६ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांशी लग्न करून वरोऱ्याला येते. लग्न कसे जमले ही हकीकत आता प्रसिद्धच आहे: एका लग्नघरी सारी मंडळी समारंभात दंग असताना ही मुलगी हळूच मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करीत होती, आणि बाबांनी ते पाहिले. या प्रसंगाकडे आपण प्रेमकथेचा आरंभ म्हणून पाहतो. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर दिसते की ही मुलगी माहेरी पुस्तकांबाहेरचेही काही शिकली होती आणि ते तिला कोणी धडा म्हणून दिलेले नव्हते.

पुढे १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा आरंभ झाला, तेव्हा सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढे भांडवल होते असे सांगतात. ही यादी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यात एक गोष्ट राहून जाते याचे भान राहत नाही. त्या झोपडीत विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले होती. साप-विंचवांच्या माळावर, ज्यांना समाजाने हाकलून दिले होते अशा माणसांच्या सोबतीत, एका आईला दोन मुले वाढवायची होती. आज आपल्याला माहीत आहे की बहुसंख्य माणसांत कुष्ठरोगाविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते आणि औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून भय उरत नाही. त्या काळच्या आईजवळ या ज्ञानाचा दिलासा पुरेसा नव्हता; आजूबाजूच्या लोकांजवळ तर मुळीच नव्हता. मुलांना भीती शिकवावी की शिकवू नये, हा प्रश्न त्या घरात पुस्तकी नव्हता. साधनाताईंनी भीती शिकवली नाही. ते त्यांनी तत्त्व म्हणून मांडलेले नाही. गाई, चूल, पाहुणे आणि आजारपणे यांच्या रोजच्या धांदलीत ते आपोआप उमटते. येथे सल्ला कोणालाच दिलेला नाही, आणि म्हणून तो पटतो.

परंतु या पुस्तकाच्या नावाशी वाचकाने थोडे थांबावे. समिधा म्हणजे यज्ञात जळणारे लाकूड. नाव सुंदर आहे, लेखिकेच्या नम्रतेला शोभणारे आहे. पण त्याने तिच्यावर थोडा अन्यायही होतो. लाकूड जळते, ते विचार करीत नाही. पुस्तकातली बाई मात्र पावलोपावली विचार करते, निवड करते, कधी रुसते, कधी नवऱ्याला अडवते. घरात मुलांना घडवणाऱ्या स्त्रीने स्वतःला इंधन म्हणावे आणि आपण वाचकांनी ते कौतुकाने मान्य करावे, हा आपल्या संसारवाङ्मयाचा जुना दोष आहे. घरी मुलांना शिकवणाऱ्या आजच्या आयांनी 'समिधा' अवश्य वाचावे. त्याचे नाव मात्र स्वतःला लावून घेऊ नये.

त्याच झोपडीत वाढलेला धाकटा मुलगा डॉक्टर झाला आणि २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पासाठी पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह भामरागडजवळच्या हेमलकशात राहावयास गेला. 'प्रकाशवाटा' हे प्रकाश आमट्यांचे आत्मकथन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याची भाषा बोलल्यासारखी, जवळजवळ कोरडी आहे. अलंकार नाहीत, आणि जेथे दुसऱ्याने डोळ्यांत पाणी आणले असते तेथे हा लेखक पुढच्या कामाकडे वळतो. हा कोरडेपणा या पुस्तकाचे बळ आहे. माडिया माणसे सुरुवातीला दवाखान्याकडे फिरकत नसत. डॉक्टरांना आधी त्यांची भाषा शिकावी लागली. म्हणजे या घरातले पहिले विद्यार्थी आईबाप होते. मुलांना शिकवू पाहणाऱ्या घराला याहून चांगला आरंभ कोणता?

१९७६ साली तेथे शाळा निघाली. या जोडप्याची स्वतःची मुले माडिया मुलांच्या शेजारी त्याच शाळेत बसून शिकली. ही एक ओळीची माहिती आहे, पण माझ्या मते ती सबंध पुस्तकातला सर्वांत अवघड निर्णय सांगते. सेवा करणारी पुष्कळ माणसे आपली मुले मात्र शहरातल्या नातेवाइकांकडे ठेवतात. त्यात त्यांचे काही चुकते असेही नाही. येथे तसे झाले नाही. शाळा आपल्या मुलांपुरती चांगली करून भागणार नव्हते; ती सगळ्यांसाठी चांगली करावी लागणार होती. घरशिक्षणाला जो आक्षेप नेहमी घेतला जातो, की आईबाप आपल्या मुलाला समाजापासून तोडतात, त्याला हेमलकशाने दिलेले उत्तर असे आहे: घराची भिंत मुलाभोवती घट्ट न करता बाहेर सरकवावी.

त्या घराच्या अंगणात बिबटे, अस्वले, हरणे आणि साप वाढत होते. शिकारीत आई गमावलेली पिले माडिया लोक आणून देत आणि त्यांचे अनाथालय होत गेले. विलास मनोहरांचे 'नेगल' हे पुस्तक त्या प्राण्यांचे आहे. नेगल हे एका बिबट्याचे नाव. लहान मुलांच्या घरात हे पुस्तक मोठ्याने वाचण्याजोगे आहे. कारण 'प्राण्यांवर दया करावी' असे ते शिकवत बसत नाही. प्राणी काय खातो, केव्हा बिथरतो, त्याच्याशी किती जवळीक करावी आणि कोठे हात मागे घ्यावा हे ते पाहून सांगते. प्रेमाला माहितीची जोड नसेल तर ते प्राण्यालाही जाचते आणि मुलालाही, हा त्याचा न सांगितलेला धडा.

'प्रकाशवाटा'त एक उणीव जाणवते. मंदाताईंचे म्हणणे आपल्याला त्यांच्या पतीच्या कथनातून मिळते. दवाखाना दोघांनी चालवला, घर दोघांचे. पण भुलतज्ज्ञ असलेल्या या बाईचा दिवस कसा उजाडत होता, रोग्यांच्या रांगेतून उठून ती मुलांच्या पाटीकडे केव्हा पाहत होती, हे तिच्या शब्दांत ऐकावेसे वाटते. 'समिधा'त बाई बोलते पण स्वतःला लाकूड म्हणते. 'प्रकाशवाटा'त तिच्याविषयी आदराने बोलले जाते. घरातल्या शाळेची खरी दैनंदिनी अजून पुरी हाती आलेली नाही.

आता गडचिरोलीकडे. डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या नई तालीमच्या वातावरणात शिकले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली ही पद्धत. हाताच्या कामातून बुद्धीला चालना द्यावयाची. त्या शाळेविषयी त्यांनी जे लिहिले आहे त्याचे मर्म असे की घनफळाचे गणित हौद बांधताना आणि आहारशास्त्र स्वयंपाकघरात कळते. आज घरी मुलांना शिकवणाऱ्या आईबापांना हे नवे वाटणार नाही; पण त्या पिढीचे विशेष हे की त्यांनी ते पुढे आपल्या धंद्यात उतरवले.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' या संस्थेमार्फत गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केले. ३९ गावांतल्या या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ साली सरकारने देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत स्वीकारली. या यशाचे श्रेय वैद्यकाला आहेच; परंतु समीक्षकाला त्यातली भाषा महत्त्वाची वाटते. बाळाला ऊब द्या, लगेच अंगावर पाजा, धाप लागली तर ओळखा, हे सल्ले कोणत्याही पुस्तकात सापडतील. त्यांना उपयोगी पडण्याजोगा आकार द्यावयाचा तर ते ज्या घरात जायचे त्या घराच्या मापाने कापावे लागतात. अक्षरओळख नसलेल्या सुईणीला श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांची चौकट आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी तांबडा मणी आला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. हे मी वाङ्मयीन कसबाचेच उदाहरण मानतो. सांगणाऱ्याने ऐकणाराच्या बोटांचा विचार केला आहे.

अभय बंगांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घराघरांत पोचले तेही याच गुणाने. आहार, व्यायाम, मनाची शांती यांवरचा उपदेश आपण अन्यथा कंटाळून मिटून ठेवला असता. येथे सांगणारा डॉक्टर स्वतः रोगी आहे. आणि २००१ सालच्या बालमृत्यूंवरच्या अहवालाला त्यांनी 'कोवळी पानगळ' हे नाव दिले, तेव्हा आकड्यांच्या तक्त्यामागे आई उभी राहिली.

तथापि या सगळ्या पुस्तकांत मला एक पुस्तक वेगळे वाटते: राणी बंगांचे 'गोईण'. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. गडचिरोलीच्या बायकांनी झाडांविषयी जे सांगितले ते या पुस्तकात आहे. कोणत्या झाडाचे काय खावे, बाळंतिणीला काय द्यावे, कशाची साल उगाळावी, कोणत्या झाडाला नमस्कार करावा. येथे सल्ल्याचा प्रवाह उलटा वाहतो. परदेशात शिकून आलेली डॉक्टर ऐकते आहे आणि रानातली बाई सांगते आहे. मोहाची फुले पहाटे वेचायला आईबरोबर जाणारी, उन्हाळ्यात चारोळी आणि तेंदूची पाने ओळखणारी मुलगी जे शिकलेली असते, ते ज्ञान म्हणून प्रथमच इतक्या आदराने मराठी पानावर आले. घरशिक्षणाचे मराठीतले सर्वांत मोलाचे पुस्तक कोणते असे मला विचारले, तर मी याचे नाव घेईन. आणि याचे शीर्षकच सल्ल्याचे खरे नाते सांगते. सल्ला गुरूकडून यावा त्यापेक्षा मैत्रिणीकडून यावा. हेच नाते मिलिंद बोकिलांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात गावाच्या पातळीवर दिसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावी लोक अभ्यासगटात बसून एकमेकांकडून कायदा आणि जंगल शिकतात, आणि सर्वांचे एकमत झाल्याशिवाय ग्रामसभा निर्णय करीत नाही.

येथवर आल्यावर एक विसंगती टाळता येत नाही. शहरातले आईबाप घरालाच शाळा करू पाहतात तेव्हा आपण त्याला प्रयोग म्हणतो. माडिया आणि गोंड यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाळाच होते. त्यांच्या गोटुलात मोठी मुले लहानांना नाच, गाणी, काम आणि चालीरीती शिकवत. आज त्याच घरातले मूल वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी निवासी आश्रमशाळेत जाते आणि जी भाषा आईची नाही तिच्यात पहिला धडा गिरवते. शाळा नको असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. हेमलकशाच्या शाळेतून निघालेली मुले डॉक्टर झाली, शिक्षक झाली. पण शाळेत जाताना मुलाने घर मागे टाकावे लागावे काय? २०१९ साली धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि तिच्या नावात गोटुल हा शब्द ठेवला. पुढे मान्यता नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याखाली तिला नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. मुलाला शिकवण्याचा घराचा हक्क कोठे संपतो आणि शासनाचा कोठे सुरू होतो, हा वाद पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात जितका आहे त्याहून तो मोहगावात खरा आहे.

म्हणून या वाङ्मयाचा हिशेब अपुरा आहे. आनंदवनाच्या आईने लिहिले, हेमलकशाच्या बापाने सांगितले, गडचिरोलीच्या डॉक्टरने ऐकून उतरवले. यांपैकी प्रत्येक पुस्तक प्रामाणिक आहे, आणि एकेक पाऊल त्या रानातल्या घराच्या अधिक जवळ गेलेले आहे. पण उंबरठ्याच्या आतून लिहिलेले पुस्तक, माडिया आईचे स्वतःचे, ज्यात ती मुलाला काय शिकवते, काय मुद्दाम शिकवत नाही आणि आश्रमशाळेतून सुटीला आलेल्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलते हे सांगेल, ते आपल्या हाती नाही. ती तिच्या भाषेत लिहील आणि मग कोणी ते मराठीत आणील, किंवा तिची नात सरळ मराठीत लिहील. ते कसेही येवो. ते आले म्हणजे आपल्या संसारवाङ्मयाला, आजवर तो फक्त शिकवत आला असल्यामुळे, विद्यार्थी होऊन बसावे लागेल.

तोवर या दिवाळीत ज्यांना मुलांसाठी काही मोठ्याने वाचावयाचे असेल त्यांनी 'नेगल' घ्यावे. स्वतःसाठी 'समिधा' आणि 'प्रकाशवाटा' एकापाठोपाठ वाचावीत, म्हणजे आईची झोपडी आणि मुलाचे घर यांतले अंतर कळेल. आणि 'गोईण' वाचून झाले की आपल्या घरी काम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या किंवा गावाकडे राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ मुलाला बसवावे आणि अंगणातल्या झाडाचे नाव विचारावे. बहुधा ती एका नावावर थांबणार नाही.